फुगलेला शेअर

"अब्बू, या ऑनलाइन बाजारवाल्या कंपनीचा शेअर नुसता फुगलाय! आपलं हिमरू शालींचं दुकान दोन वर्षं बंद, अन् हिच्या अ‍ॅपवर अजून चालूच दिसतंय. अशी बंद दुकानं किती असतील! ब्रोकरकडनं शेअर उसना घेऊन आज विकू, आपटला की स्वस्तात घेऊन परत करू, मधला पैसा आपला," अकरावीतली निलोफर ठसक्यात म्हणाली.

"जो माल आपला नाय, तो विकायचा? आपल्यात बसत नाय, बेटा."

"मग मी एवढं हुडकलं ते वायाच? बघा तरी! या महिन्यात एकोणीस जणांनी बंद दुकानाकडं शाली मागितल्यात."

तन्वीरभाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून एकेक नाव वाचलं, अन् उठून चपला शोधू लागले.

"कंपनीला पडू दे पडायचं तवा. पेटीतल्या शाली मी काढतो, तू शटरची किल्ली आण."