श्रावणातले पक्षीमित्र

मयेच्या तळ्याकाठची भटकी मांजरं पाणकोंबड्यांची पिल्लं खातात, म्हणून बाबलीकाका घरोघरची मासळीची डोकी गोळा करून त्यांना पोटभर घालत. वर्षभर कुणी मदतीला फिरकलं नाही. श्रावण लागला, घराघरांतली मासळी बंद झाली आणि दमलेल्या काकांवर मांजरांसाठी म्हापशाहून बांगडे आणायची पाळी आली.

लगेच गावातले झाडून सगळे बाप्ये दारात हजर. प्रशांत म्हणाला, "काका, तुम्ही थकलात. बांगडे आम्ही आणतो, मांजरांना आम्हीच घालतो."

"बघा, गावाला पाखरांची दया आली हो!" विनोदिनीकाकूंनी पदर डोळ्याला लावला.

चार दिवसांनी काका तळ्यावर गेले.

काठावर बांगडे खरपूस भाजत होते, आणि मांजरं घरट्यांकडं जेवायला गेली होती.