न्हाणीगाडी

"मासेच," मिस्त्री ठासून म्हणाला. "जिवंत मासे न्यायची गाडी असणार ही."

जुन्या गाड्यांचा शौक असलेल्या एका गिऱ्हाइकाने हा ट्रक भंगारातून उचलून मिस्त्रीच्या गॅरेजात आणून लावला होता. गाडी मूळची कशासाठी बनवली ते कळलं, की तशीच ती पुन्हा उभी करायची होती. आत पत्र्याचे अरुंद कप्पे, छताला पाइप, तळाला जाळी. आणि प्रत्येक कप्प्यात एक खुंटी.

"मासे कपडे टांगतात होय?" गिऱ्हाईक हसलं.

मिस्त्रीने छताच्या पाइपाला नळी जोडली, नळ सोडला आणि आत जाऊन उभा राहिला. आधी गंज गळला, मग पाणी थेट त्याच्या डोक्यावर कोसळलं. जाळीतून खाली काळंशार पाणी वाहू लागलं. त्याने तो गाळ बोटांत चोळून पाहिला. कोळसा होता.



"खाणीवर मी न्हाणीगाडी चालवायचो," मिस्त्रीचे वडील, नाना, येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगत. "चढताना सगळे सारखेच काळेठिक्कर. उतरताना ज्याचा तो ओळखू यायचा!" मिस्त्रीला कळायला लागल्यापासून नाना मालट्रकच चालवत होते. ट्रकमध्ये कुणी आंघोळ करतं का? लोक तोंड फिरवून हसायचे, आणि याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हाताऱ्याला चळ लागलाय, असं डॉक्टरांना त्यानेच सांगितलं. गेल्या महिन्यात वृद्धाश्रमात नेऊन सोडलं तेही त्यानेच. वर बजावून आला होता, "ही बडबड थांबली की घरी नेईन."

तो ओल्या कपड्यांनिशीच निघाला. नाना खाटेच्या कडेला बसले होते.

"नाना, चुकलो मी. तुमची न्हाणीगाडी खरी होती. माझ्या गॅरेजात उभी आहे ती. चला, घरी चला."

नाना सावध झाले. पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसे एकेक शब्द सांभाळत म्हणाले, "न्हाणीगाडी? छे, छे! असं कुठं असतं का? मी आपला मालट्रक चालवायचो."

मग त्याच्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "बरोबर बोललो ना रे? आता नेशील?"