बसलेल्या बॅटऱ्या

नवऱ्यानं मोटारहोम घेतल्यापासून शालननं दोनदा दशम्या बांधल्या आणि दोनदा अंगणातच सोडल्या. तिला घेऊन निघायच्या दिवशीच गाडीतल्या दिव्यापंख्यांच्या बॅटऱ्या बसायच्या. मित्रांबरोबर गोव्याला जाताना त्याच बॅटऱ्या रात्रभर टिकायच्या. आज नवरा मित्रांना आणायला गेल्यावर तिनं मौला मेस्त्रीला बोलावलं. त्यानं बॅटरीला थेट बल्ब जोडला. तो लख्ख पेटला. "बॅटऱ्या ठणठणीत हायत की, वैनी. मधला निळा फ्यूजच कुणीतरी काढलाय." रिकामी खाच बघून शालनला नवऱ्याचा पानाचा डबा आठवला. चुन्याच्या डबीशेजारचा तो निळा तुकडा ती रोज पुसून जागेवर ठेवायची. तिनं तो काढून कनवटीला खोचला. मित्र पिशव्यांसकट गाडीत चढले. नवऱ्यानं डबा चाचपला, पुन्हा चाचपला. "शालन, ह्यातलं काय काढलंस का?" "मी? बॅटऱ्याच बसल्या असतील की," ती म्हणाली. "दशम्या हायत. अंगणातच बसून खावा."