नऊ पूर्णांक दोन टक्के

सायलीने तेजस्विनीच्या कोपराखाली आवळलेल्या पट्ट्यातली हवा एकदम सोडली. तिच्या पांढऱ्या पडलेल्या पंजात रंग परतला. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिच्या दंडातली धमनी दोन समांतर रेघांसारखी दिसत होती. मिनिटाभरात त्या रेघा एकमेकींपासून दूर सरकल्या. सायलीने अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. धमनी नऊ पूर्णांक दोन टक्क्यांनी रुंदावली होती.

हाताकडे जाणारं रक्त पाच मिनिटं अडवायचं आणि मग सोडायचं. रक्ताचा लोंढा आला की निरोगी धमनी सैल होते. चाचणी एवढीच. नाशिकजवळच्या या वसतिगृहात लांब पल्ल्याच्या आठ धावपटू मुली राहत होत्या. पाळी थांबलेल्या धावपटूंच्या धमन्या कशा वागतात, हे सायलीला तिच्या संशोधनासाठी तपासायचं होतं. ‘गेल्या वर्षभरात पाळी आली का?’ या प्रश्नापुढे आठही फॉर्मांवर ‘नाही’ लिहिलेलं होतं. पाळी थांबली की धमनी सैल ठेवणारं संप्रेरक घटतं; अशा मुलीत दोन-तीन टक्के अपेक्षित होते. नऊ नव्हे.

बाकीच्या सात जणी उपाशीपोटी दाराशी ताटकळत होत्या.

“मॅडम, तेजूत रक्त हाय का बघा आधी,” एक जण म्हणाली. “नाष्टा गार व्हायलाय.”

सायलीने दार लोटून घेतलं.

“तुझी पाळी येते ना?” तिने हळू विचारलं.

तेजस्विनी छताकडे बघत राहिली. “नाय.”

“आकडा तसं सांगत नाहीये.”

“मग आकडा खोडा, मॅडम. परवा शिबिराची यादी लागणार हाय.”

वसतिगृहाचा नियम सगळ्या मुलींना पाठ होता. पाळी आली की कोचना, शुभांगीताईंना, सांगायचं. त्या दिवसापासून ताटातली एक भाकरी कमी. दोनदा आली की राष्ट्रीय शिबिराच्या यादीतून नाव कमी. शुभांगीताई स्वतः मॅरेथॉन धावलेल्या होत्या. पाळी येते म्हणजे अंगात अजून जादा चरबी आहे, सराव कमी पडतोय, असं त्यांना त्यांच्या कोचनी शिकवलं होतं. त्यांनी ते मुलींना शिकवलं. पेठ तालुक्यातून आलेली तेजस्विनी सात महिने सगळ्यांच्या आधी उठून कपडे धूत होती आणि घरून येणारे नागलीचे लाडू पांघरुणात तोंड घालून खात होती.

दार उघडलं. शुभांगीताई आत आल्या. त्यांनी दाराआडून सगळं ऐकलं होतं.

“खोटं लिहिलंस?”

“हो, ताई.”

“बॅग भर.”

तेजस्विनी उठून बसली. सायली मध्ये बोलली. “ताई, हिची धमनी उत्तम आहे. पाळी येते म्हणून, बहुतेक.”

“मी तेरा वर्षं धावले, मॅडम. तेरा वर्षं मला आली नाही. काय बिघडलं माझं?” शुभांगीताईंनी बाही वर सारली आणि टेबलावर आडव्या झाल्या. “मोजा. मीही सकाळपासून चहा घेतलेला नाही.”

सायलीने त्यांच्या हाताला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवलं. तेजस्विनी हातात बूट घेऊन भिंतीला टेकून उभी होती. सायलीने हवा सोडली. पंजात रंग परतला. पडद्यावरच्या रेघा जवळजवळ होत्या तिथेच राहिल्या. तिने तीनदा मोजलं.

“एक पूर्णांक एक.”

“वय झालं माझं.”

“एक्केचाळीसला पाचाच्या आसपास यायला हवं होतं. पण एका मोजणीवरून मी ठाम काही सांगणार नाही.”

“ठाम नको. अंदाज सांगा.”

“धमनी सैल व्हायची विसरली की पुढे हृदयाला त्रास होऊ शकतो. कधी, ते सांगता येत नाही.”

शुभांगीताई उठल्या. बाही खाली केली. टेबलाच्या कडेला फॉर्मांचा गठ्ठा होता, तो उचलून त्यांनी एकेक फॉर्म उलटला. बाकीच्या सातही मुलींची अक्षरं त्यांच्या ओळखीची होती. बाहेर कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

“बूट खाली ठेव,” त्या तेजस्विनीला म्हणाल्या. “या बाकीच्यांचं खरं काय आहे?”

“माहीत नाय, ताई. आम्ही एकमेकींनाबी सांगत नाय.”

शुभांगीताईंनी फॉर्म पुन्हा पहिल्यापासून बघितले.

“सगळ्यांनीच खोटं लिहिलेलं असू दे, देवा,” त्या म्हणाल्या.