पस्तीसची रेघ

"आता दुसरं समीकरण टाका, आजोबा," नात म्हणाली. तिच्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर आठ ठिपक्यांमधून एक रेघ खाली उतरत होती. आजोबांनी चाचपडत पस्तीस टाकले. आडवी रेघ उमटली.

"कशाचे आकडे हे?"

"असेच. सरावाचे."

आकडे आजीच्या वजनाचे होते, दर सोमवारचे. पस्तीसच्या खाली गेलं तर केमो थांबवावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

नातीनं बटण दाखवलं. त्यांनी दाबलं. रेघा अकराव्या आठवड्यात एकमेकींना छेदत होत्या.

"अहो, आज सोमवार ना? वजन करायचंय," आजीनं आतून हाक मारली.

"आलो, थांब."

छत्तीस वर्षांत एकाही पोराला अर्धा गुण वाढवून न दिलेल्या त्या गणिताच्या मास्तरांनी, आजी काट्यापाशी यायच्या आत, वजनकाट्याची सुई शून्यावरून दोन किलोंवर सरकवली.