सॉरीला मराठी शब्द

शेवंतामावशींनी शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला आणि चपला घातल्या. ऋजुता दारातून बघत होती. काल भर वर्गात तिनेच या शिपाईमावशींना चोर म्हटलं होतं, आणि तिचं हरवलेलं घड्याळ आज तिच्याच दप्तराच्या तळाशी सापडलं होतं.

ती धावत सुटली. "मावशी, सॉरी!"

"सॉरी तर तुम्ही पोरी धक्का लागला तरी म्हणता," मावशी न थांबता म्हणाल्या. "मी नाही इथं राहायची."

फाटक वीस पावलांवर होतं. ऋजुता मागोमाग जात, पुटपुटत भराभर शब्द धुंडाळू लागली. क्षमस्व? ते तर रस्ता खोदल्यावर पाटीवर लिहितात. दिलगीर आहोत? ते बँकेच्या पत्रात असतं. माफ करा? ते तर आई दारातल्या भिकाऱ्याला म्हणते आणि दार लावून घेते! एका सॉरीला इतके मराठी शब्द, आणि त्यातला एकही उपयोगाचा नाही!

"काल 'चोर' हा शब्द बरा पटकन सापडला गं तुला," मावशी वळून म्हणाल्या. "आणि तोही केवढ्या मोठ्यानं!"

मधल्या सुट्टीत अख्खं मैदान पोरांनी भरलं होतं. ऋजुता फाटकाजवळच्या कट्ट्यावर चढली. "ऐका रे सगळे! मावशींनी काही घेतलं नव्हतं. घड्याळ माझ्याच दप्तरात होतं. चुकलं माझं!"

खेळणारी पोरं वळून बघू लागली. तिनं पुन्हा सगळं म्हटलं, वरच्या मजल्यावर ऐकू जाईल असं.

फाटकाच्या कडीवरचा मावशींचा हात थांबला.

"पुरे गं," त्या म्हणाल्या. "घसा बसेल."