गाडीचा खोकला

नट हलेना. ऑरिनने पाना पुन्हा बसवला, दात आवळून जोर लावला, आणि मग त्याला आठवलं की या नटाचे आटे उलटे असतात. इतका वेळ तो नट सोडवत नव्हता, आणखी आवळत होता. शेडमध्ये दुसरं कोणी असतं तर पोट धरून हसलं असतं. खरं तर हे काम दोघांचं. एकाने टर्बोचा दांडा मागून धरायचा, दुसऱ्याने पुढचा नट फिरवायचा. ऑरिनने दांडा बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात पकडला आणि नट उलटा फिरवला. आता तो सुटला.

पिकअप सत्तावीस वर्षांची होती. डिझेल इंजिन अजून ठणठणीत, पण टर्बोतला हवा दाबणारा पंखा जुन्या घडणीचा. चढावर भार ओढताना ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल केला की आतली हवा उलटी फिरायची आणि गाडी खोकायची. खॉक् खॉक् खॉक्, अर्ध्या दरीला ऐकू जाईल असं. बायको होती तेव्हा म्हणायची, "तुझ्या या म्हातारीला कफाचं औषध पाज एकदा." ऑरिन दर वर्षी हो म्हणायचा. आल्माला जाऊन चार वर्षं झाली, आणि औषध आत्ता आलं होतं. नव्या घडणीचा चकचकीत पंखा, टपालाने, खोक्यात.

तोही हौसेने मागवला नव्हता. शनिवारी व्यापारी येऊन गुरं घेऊन जाणार होता आणि रविवारी ऑरिन सामानाने भरलेला ट्रेलर ओढत खिंड ओलांडून मुलीकडे, फिनिक्सला जाणार होता. कायमचा. मोंटानाचा थंडीवारा त्याने सत्तर वर्षं सोसला होता, आणखीही सोसला असता. पण जनीनने फोनवर एकच प्रश्न विचारला होता. "बाबा, उद्या तुम्ही गोठ्यात पडलात, तर कोणाला कळेल?" ऑरिनने खूप विचार केला. गुरांना कळेल, एवढंच त्याला सुचलं. ते काही त्याने तिला सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारपर्यंत नवा पंखा बसला. चार वाजता तो नेहमीप्रमाणे वैरण लादून वरच्या कुरणाकडे निघाला. चढावर, शेजारच्या वेंडल प्रुइटच्या घरापाशी, गुरांनी हद्द ओलांडू नये म्हणून रस्त्यात लोखंडी नळ्या टाकल्या होत्या. तिथे सगळेच पाय सैल करतात. ऑरिननेही केला. गाडी खोकली नाही. इतकी गुपचूप पुढे गेली की त्याला एकदम फार एकटं वाटलं. आल्मा असती तर टाळ्या वाजवल्या असत्या, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने रेडिओ लावला.

वेंडलचं घर झाडांच्या रांगेमागे, रस्त्यापासून बरंच आत. अकरा वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं होतं. त्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, अशी रीत आहे. अनोळखी माणसालासुद्धा ते बोट मिळतं. पण वेंडल समोरून आला की ऑरिन दहाही बोटं घट्ट ठेवायचा, आणि वेंडलही.

शुक्रवारी सकाळी ऑरिन शेडमध्ये ट्रेलरवरच्या सामानाच्या दोऱ्या आवळत होता. बाहेर ट्रॅक्टर थांबला. दारात वेंडल उभा, धापा टाकत, हातात मनगटाएवढी जाड पहार.

ऑरिनचा हात आपोआप पान्याकडे गेला. "अकरा वर्षांनी पाळी मागायला आलास होय?"

वेंडलने ऑरिनकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पहार भिंतीला टेकवली आणि तो तिथल्याच एका बादलीवर मटकन बसला.

"जिवंत आहेस म्हणजे," तो म्हणाला.

"मग काय मेलो असं वाटलं?"

"दार फोडावं लागेल म्हणून आणली ही." त्याने पहारेकडे बोट केलं. "तीन दिवस तुझी गाडी खोकली नाही. मला हल्ली नीट ऐकू येत नाही, पण ते भुंकणं येतं. सकाळी सातला आणि दुपारी चारला. ते ऐकलं की मी कॉफी ओततो."

"रोज?"

"आल्मा गेली तेव्हापासून."

ऑरिनच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने येऊ दिलं. जनीनच्या प्रश्नाला उत्तर होतं. चार वर्षं ते झाडांच्या रांगेमागे बसून कॉफी ओतत होतं.

"फोन करायचास."

"अकरा वर्षांनी फोनवर काय बोलू? मेलास का म्हणून विचारू?" वेंडलने नाक पुसलं. मग त्याची नजर भरलेल्या ट्रेलरवर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. "गाडीला झालं काय?"

"नवा पंखा बसवला. आता नाही खोकत."

"हं. छान," वेंडल म्हणाला. तो उठला. त्याने पहार उचलली. "खिंड चढेल मग."

ऑरिनने बाकावरच्या डब्यातून जुना, काळवंडलेला पंखा काढला आणि बाहीला पुसला. दुसऱ्या हाताने पाना वेंडलपुढे धरला.

"पहार ठेव खाली. मी मागून दांडा धरतो, तू नट सोडव. आणि ऐक, आटे उलटे आहेत."